बाग परशुरामाच्या नावावर

सावित्री मालवणच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. पुढे आईवडीलही गेले, तेव्हा धाकट्या भावाला, परशुरामाला, तिनंच वाढवलं आणि त्याचं लग्न करून दिलं. वडिलांची भातजमीन तो कसत होता. १९५७ साली तारकर्लीला साठ माडांची बाग विकायला निघाली. निवृत्तीनंतर तिथं दोन खोल्यांचं घर बांधावं असं सावित्रीच्या मनात आलं. पैसा गाठीला होता.

वकिलांनी तिला स्पष्ट सांगितलं, "तुम्ही नोकरदार. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. कलेक्टरकडे परवानगी मागा, पण ती मिळेलच असं नाही, आणि तोवर बागवाला थांबणार नाही. नाहीतर बाजारपेठेत घरापुरती जागा घ्या. ती तुमच्या नावावर होईल, उत्पन्न मात्र शून्य. तिसरी वाट म्हणजे भावाच्या नावावर बाग घ्यायची. त्यातला धोका तुम्हीच ओळखा."

बाजारपेठेतली जागा ती दोनदा बघून आली. तिथं एकही झाड नव्हतं.

परशुराम म्हणाला, "बाय, कागद माझ्या नावाचो, बाग तुझी. मी खंय जातलंय?"

बाग घेतली. सुट्टीच्या दिवशी सावित्री तारकर्लीला चालत जायची, नवी रोपं लावायची. वर्षभरात कुणीतरी अर्ज केला की बाग खरी नर्सबाईची आहे. मामलेदार कचेरीत चौकशी लागली. वकिलांनी सांगितलं तसं सावित्रीनं शपथेवर लिहून दिलं, "पैसे मी भावाला बक्षीस दिले. बागेशी माझा काही संबंध नाही." अर्ज निकालात निघाला. परतताना परशुरामाच्या डोळ्यांत पाणी होतं.

१९६६ साली ती निवृत्त झाली आणि गवंड्याला घेऊन बागेत गेली. परशुरामाची बायको शेवंती पुढे आली. "वन्सं, हंय घर नको. आमच्या झिलांका, पोरांका, जागा होयी."

सावित्रीनं भावाकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "तूच कचेरीत लिवन दिलंस मगे. आता माका कित्याक विचारतंस?"

वकिलांनी हात वर केले. शपथ खोटी होती म्हणायचं तर आधी तिच्यावरच खटला झाला असता. मसुऱ्याला तिनं भाड्यानं खोली घेतली. भावाच्या घरी पाऊल टाकलं नाही.

पुढच्या वर्षी चैत्रात, भर दुपारी, परशुराम धापा टाकत दारात आला. शेवंती अडली होती, मूल आडवं होतं आणि डॉक्टर कणकवलीला गेले होते. सावित्री पिशवी घेऊन निघाली. तीन तास ती शेवंतीपाशी बसून होती. दोन्ही जीव वाचले.

विहिरीवर हात धुऊन ती आली तेव्हा परशुराम म्हणाला, "बाय, जेवन जा."

"माझी फी दी. पाच रुपये."

त्याला आधी थट्टा वाटली. तिचा चेहरा बघून तो आत गेला आणि नोट घेऊन आला. तिनं ती पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि रस्त्याला लागली. मुलगी झाली होती. तिचं नाव काय ठेवलं, हे सावित्रीनं पुढे कधी कुणाला विचारलं नाही.