मंगळवारचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रंगमंच आहे. आज माझ्या फळ्या मोरगावात शेळ्यांच्या गोठ्याला ठोकल्या आहेत. पण एकेकाळी माझ्यावर पाय ठेवण्याआधी बाया वाकून नमस्कार करायच्या. त्या नमस्कारांचा मला भारी तोरा होता. तोच नडला.

१९९१ साली इंदापूरजवळ हमरस्त्याला संभाजीतात्यांनी पत्र्याचं थिएटर उभारलं. कऱ्हाटीच्या सुतारानं आंब्याच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि घुंगरांचा ठेका घुमावा म्हणून माझ्या पोटात पोकळी ठेवली. लावणीच्या पार्ट्या आळीपाळीनं माझ्यावर नाचत. त्यांत प्रयागबाईंची पार्टी गाजलेली. ढोलकीवर दत्तोबा आणि नाचायला प्रयागबाईंची लेक. तिचं नाव नकोशी. पण तिच्याच पायांवर नऊ माणसांची चूल पेटत होती.

एका मंगळवारी तात्यांनी मला घागरभर पाण्यानं धुऊन हळदकुंकू वाहिलं आणि त्याच दिवशी थिएटर खच्चून भरलं. झालं! दर मंगळवारची आंघोळ ठरूनच गेली. मीही खुळ्यासारखा सुखावलो.

दत्तोबाचा हात मात्र रोज माझ्यावरून फिरे. तो म्हणायचा, "तात्या, लाकडाला पानी नगं, त्याल पाजा. खालनं कुजतंय ह्ये. आवाज बद्द येतुय."

"देवाची जागा हाय ती. तू तुझी ढोलकी बघ," तात्या त्याला उडवून लावत.

पुढं गावोगाव व्हिडिओ आले, कॅसेटी आल्या आणि गर्दी ओसरली. तात्या घाबरले. त्यांनी एका घागरीच्या चार केल्या. वरून मी पिवळाधमक दिसे, खालून पार पोखरलो होतो. मला बोलता येत नव्हतं, नुसता करकरायचो. त्यावर प्रयागबाई कौतुकानं म्हणायच्या, "आमचा मंच बी ताल धरतुय!"

१९९७च्या उन्हाळ्यात एका दुपारी तालीम चालली होती. नकोशीनं गिरकी घेऊन टाच आपटली आणि माझी फळी मोडली. तिचा पाय मांडीपर्यंत माझ्या पोटात गेला. हाड मोडल्याचा आवाज माझ्या पोकळीत घुमला. ज्या घुमण्यासाठी ती ठेवली होती, ते घुमणंच मला त्या दिवशी नकोसं झालं.

चौघांनी तिला वर काढलं. पोरगी पांढरीफटक पडली होती. "आये, माझ्या पायानं मंच मोडला गं," असं म्हणून तिनं मला हात जोडले.

दत्तोबानं मोडकी फळी उचलली. त्याच्या मुठीत तिचा भुगा झाला. त्यानं तो तात्यांपुढं धरला. "ह्ये बगा तुमचं मंगळवार."

"मंच कोपला," तात्या पुटपुटले आणि दिवेलागणीच्या आत त्यांनी माझ्यावर पुन्हा घागर ओतली.

नकोशीचा पाय सरळ झाला नाही. पार्टी मोडली, दत्तोबा गावी गेला. नकोशी आता लोणी देवकरच्या कारखान्यात बसून खोकी चिकटवते, असं फळ्या न्यायला आलेला माणूस सांगत होता. थिएटरला कुलूप लागलं.

मित्रांनो, ज्याच्या जिवावर तुम्ही उभे आहात त्याला फुलं वाहा, माझी ना नाही. पण कधीतरी गुडघे टेकून त्याच्या खालीही डोकावून बघा. जो पोखरला गेलाय त्याला सांगता येत नाही. कुजलो होतो मी, पाय गेला तिचा, आणि माफीही तिनंच मागितली.