पुलावरची पताका

"मशीनला हात लावायचा नाही म्हणजे नाही! एकदा सांगितलं, दहादा सांगितलं, आता काय दवंडी पिटू?"

शिंपीकाकांचा आवाज रस्ता ओलांडून थेट माझ्या गिरणीत आला. पट्टा फिरत होता, जातं घरघरत होतं, तरी शब्दन् शब्द ऐकू आला, म्हणजे काका किती तापले असतील बघा. माझी गिरणी त्यांच्या दारासमोरच. दळण टाकायचं आणि समोरच्या घरात काय चाललंय ते बघायचं, ही माझी दोन्ही कामं बरोबरच चालतात. कुणी मला नाक खुपसणारी म्हणतं. म्हणू दे. पीठ डोळ्यांत जातं, कानांत नाही.

भांडण नेहमीचंच होतं. काकांच्या सुनेला कापडी पताका करायचा नाद. नाद म्हणजे साधासुधा नाही. जाड मांजरपाट घ्यायचा, त्यावर खडूनं झाडं, पाखरं, वेली काढायच्या, मग रंगीत तुकडे त्या आकारात कापून, कडा नखानं आत मुडपून, बारीक टाक्यांनी वर बसवायचे. खालच्या पट्टीत ओढ्यातले गोल खडे शिवून टाकायचे, म्हणजे वाऱ्यानं पताका उलटीपालटी होत नाही. एखाद्याच्या दुकानाचं उद्घाटन असो की शाळेच्या शर्यती, लोक आता तिच्याकडे येऊ लागले होते. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. पोरीनं घरात बसून करायचं तरी काय?

पण काकांना ते बघवत नव्हतं. "चिंध्यांचा खेळ" म्हणायचे. मशीन त्यांचं, कात्री त्यांची, दुकान त्यांचं. त्यामुळे सून सगळं हातानंच शिवायची आणि तिच्या डाव्या हाताची बोटं सुईनं चाळणी झालेली असायची.

त्या दिवशी वाद पेटला तो पुलावरून. ओढ्यावरचा पूल एकदाचा बांधून झाला होता. मोठे साहेब फीत कापायला येणार होते. सरपंचांनी सुनेला निरोप धाडला होता की पुलाच्या दोन्ही खांबांना धरून आडवी लावता येईल अशी मोठ्ठी पताका कर. मांजरपाट त्यांनी दिला, रंगीत कापडाचं तुझं तू बघ म्हणाले.

"मामंजी, फक्त कडा मशीनवर मारते," सून म्हणत होती. "एवढी लांब शिवण हातानं कधी व्हायची?"

"नाही झाली तर करू नकोस. आणि माझ्या दुकानातली एक चिंधीसुद्धा घ्यायची नाही. गिऱ्हाइकाचा माल आहे तो. शिंप्याचा हात स्वच्छ पाहिजे."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. पुढं काय झालं ते सांगताना म्हणूनच मला ते आठवतं आणि मलाच लाजल्यासारखं होतं.

दोन दिवसांनी काकांची बहीण आजारी पडली आणि ते तिकडं गेले. सुनेनं अंगणात मांजरपाट पसरला. वारा असा सुटला होता की शेतातली माती उडून कापडावर बसायची. ती झटकायची, पुन्हा बसायची. शेवटी तिनं सगळं आत माजघरात नेलं. मीही दळणं आटपली की जायची, सुईत दोरा ओवून द्यायला. तिचं काम बघून बघून मला त्याची गोडी लागली होती. एका टोकाला ओढा, मधे झाड, झाडावर पाखरंच पाखरं. पण झाड अर्धं झालं आणि तुकडे संपले.

"आता गं?" मी म्हटलं.

"आता काय, बोडकं झाड लावायचं." ती हसली, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. "गिरणीवाल्या काकू, एकदा तरी मामंजींनी वर बघून म्हणावं की पोरीच्या हातात कला आहे. बाकी मला काही नको."

सासू कोपऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती उठली, माळ्यावरची लाकडी पेटी ओढून खाली आणली आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ तुकडे. निळे, पिवळे, ठिपक्यांचे, रेघांचे, फुलांचे. एकेक हातभर, वीतभर, नीट घडी घातलेला.

"आत्याबाई! हे कुणाचं?"

"ह्यांचंच. शहरातल्या दुकानदाराकडून आणतात म्हणे, काहीतरी शिवायचंय म्हणून. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, पेटी भरतेय नुसती. कधी काही शिवलं नाही. उंदरांनी खाण्यापेक्षा तू घे."

"मामंजी ओरडतील."

"दुकानातलं घेऊ नको म्हणाले ना? हे घरातलं आहे. आणि तयार झालेली पताका बघितली की गप्प बसतील."

मीही म्हटलं, घे गं. माजघरात उजेड बेताचाच. ते तुकडे माझ्या मांडीवर होते, मी ते हातानं सरळ करून दिले, आणि माझ्या डोक्यात एवढंही आलं नाही की हे कापड मी कुठंतरी पाहिलंय.

पुलाच्या दिवशी सकाळीच पताका खांबांना बांधली. काय दिसत होती म्हणून सांगू! खाली गढूळ ओढा, दोन्ही बाजूंना काळी ढेकळं, आणि मधे हे रंगांचं झाड. बाया तोंडाला हात लावून बघत होत्या. सून एका बाजूला उभी होती, लाजत होती, पण आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

आता साहेब वेळेवर आले असते तर काही झालं नसतं. फीत कापली असती, टाळ्या वाजल्या असत्या, पांगले असते लोक. पण साहेब लोकांना वेळेवर यायची सवय नाही. सगळं गाव पुलावर उन्हात ताटकळत बसलं, आणि बसल्या बसल्या बघायला दुसरं काहीच नव्हतं. सगळे वर बघत राहिले.

"अगं," माझा नवरा माझ्या कानाशी लागला, "तो पोपट बघ."

"छान आहे."

"छान काय? ती हिरवी रेघ बघ. माझ्या विजारीचं कापड आहे ते. काकांनी खिसा लावला नाही, कापड पुरलं नाही म्हणाले. गेली कित्येक वर्षं मी तंबाखूची डबी हातात धरून फिरतोय!"

मी त्याला चिमटा काढला. "गप्प बसा. एकसारखं कापड दुनियेत हजार जणांकडं असतं."

पण पोपटाच्या शेजारचं जांभळं फूल आता मलाही ओळखू आलं होतं. ते माझ्या पोलक्याचं होतं.

तेवढ्यात पुलाच्या पलीकडून काका आले. बहिणीकडची वाट त्याच बाजूनं येते. खांद्याला पिशवी, पाय धुळीनं माखलेले. त्यांनी वर बघितलं आणि जागच्या जागी थांबले. सून दोन पावलं पुढं आली. तिला वाटलं, आता म्हणतील.

काका तिच्याकडं न बघता सरपंचांकडं गेले. "खाली घ्या ती. आत्ताच्या आत्ता."

"का हो? झकास दिसतेय की."

"शिवण कच्ची आहे. वाऱ्यानं सुटून साहेबांच्या डोक्यावर पडेल, मग म्हणाल शिंप्यानं सांगितलं नाही. पोरखेळ आहे सगळा. घ्या खाली."

सगळ्या गावासमोर बोलले. सुनेचा चेहरा पांढरा पडला. एरवी ती तोंड वर करून बोलणारी नव्हे, पण कामाला नाव ठेवलेलं तिला सहन झालं नाही. तिनं सकाळी बांधायला आणलेलं स्टूल ओढलं, वर चढली, पताकेचं टोक सोडून खाली घेतलं आणि लोकांसमोर धरून दोन्ही हातांनी ओढलं. "कुठं कच्ची आहे? दाखवा मामंजी. तुम्हीच ओढून बघा. कुणीही ओढून बघा!"

लोक गोळा झाले. पताका आता सगळ्यांच्या हाताशी आली होती. काका म्हणत होते, "अरे हात लावू नका, मळेल," पण कोण ऐकतंय?

विहिरीजवळ राहणारी काकू पुढं आली. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी बाई. तिनं एका पाखरावर बोट ठेवलं. निळ्या कापडावर पांढरी बदकं होती, बारीक बारीक. ती बोट फिरवत राहिली.

"हे तर माझ्या लेकीच्या फ्रॉकचं," ती हळूच म्हणाली. "तिच्या मामानं कापड आणलं होतं. काका म्हणाले, हातभर कमी पडलं. फ्रॉक गुडघ्याच्या वर आला. पोरी हसायच्या तिला. ती शाळेत जाईना म्हणून मी मारलं होतं तिला."

"नाही हो काकू," सून भाबडेपणानं म्हणाली, "हे तर आमच्या पेटीतलं. मामंजी शहरातून..."

आणि ती तिथंच थांबली. तिनं काकांकडं बघितलं. काका खाली बघत होते, आपल्या धुळीच्या पायांकडं. मी त्या पोरीच्या चेहऱ्यावरून सगळं उतरताना बघितलं. चोरी तिनं केली नव्हती, पण चोरीचा माल तिनंच स्वतःच्या हातांनी, बारीक टाके घालून, सगळ्या गावासमोर टांगला होता.

मग काय, बांध फुटल्यासारखं झालं. "हा माझा शर्ट!" "ही आमच्या पडद्याची फुलं!" गावचा पैलवान तर छाती पुढं काढून ओरडला, "म्हणून माझी बटणं लागत नव्हती होय! आणि काका मला म्हणायचे, खाणं कमी कर!" काही जण हसले. काही हसले नाहीत. काकांनी पिशवी सावरली आणि गर्दीतून वाट काढत घराकडं गेले. कुणी त्यांना अडवलं नाही, कुणी वाटही दिली नाही.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले. धावपळीत कुणीतरी पताका पुन्हा बांधली. साहेबांनी फीत कापली, वर बघितलं आणि खूश झाले. "वा! कुणी केली ही?"

सून माझ्या पाठीमागं तोंड लपवून उभी होती. मी तिला पुढं ढकललं, ती हलेना. सरपंच घसा खाकरू लागले. तेव्हा विहिरीजवळची काकूच म्हणाली, "सगळ्या गावाचं कापड आहे साहेब."

"याला म्हणतात एकी!" साहेब म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. दुसरं करणार काय?

त्यानंतर समोरचं दुकान उघडलं नाही. सासू पाणी भरायला बाहेर पडायची तीही डोक्यावरून पदर पुढं ओढून, कुणाशी न बोलता. सून एका संध्याकाळी कात्री घेऊन पुलाकडं निघालेली दिसली. मी गिरणी बंद करून तिच्यामागं गेले. वाटेत विहिरीपाशी काकू भेटली.

"उसवायला चाललेय," सून म्हणाली. "ज्याचं त्याला नेऊन देते. तुमचं पहिलं."

"पाखराएवढ्या तुकड्याचं मी काय करू? लेक माझी सासरी दोन पोरांची आई झाली." काकूनं घागर खाली ठेवली. "मारलं होतं मी तिला, ते तू उसवशील का? नाही ना? मग राहू दे वर."

"पण काकू, मामंजींना रोज तिथून..."

"जाऊ दे की रोज."

सून कात्री घेऊन परत आली. पताका राहिली.

गाठोडी त्यानंतर यायला लागली. पहिलं पैलवानानं आणलं. फाटक्या शर्टांचा गठ्ठा काकांच्या उंबऱ्यात धाडकन टाकला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "घ्या काका! आता लपवायला नको. मागाल तेवढं देतो!" लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी आणलं. टोमणा मारायची ती एक रीतच पडून गेली. पण पुढं पुढं बाया मुकाट्यानं गाठोडं ठेवून जायला लागल्या. एकीनं तर जपून ठेवलेली नवीकोरी फुलाफुलांची चादर आणून दिली आणि सुनेला म्हणाली, "पोरी, तू करत राहा गं." टोमणा कुठं संपला आणि माया कुठं सुरू झाली ते मला काही सांगता येणार नाही. बहुतेक बायांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मीही एक गाठोडं बांधलं. नवऱ्याची बिनखिशाची विजार मुद्दाम सगळ्यात वर ठेवली. आत जाऊन काकांना काय ऐकवायचं ते मनात घोळवत रस्ता ओलांडला.

दार अर्धवटच लोटलेलं होतं. माजघरात गाठोड्यांची रास पडली होती, उभं राहायला जागा नव्हती. त्यांच्या मधोमध काका जमिनीवर बसले होते. एका गाठोड्याची गाठ सोडून, कुणाचंतरी कापड मांडीवर घेऊन तळहातानं सरळ करत होते. सून भिंतीशी उभी होती.

"उस्तादानं हेच शिकवलं," काका कापडाकडं बघतच बोलत होते. "माप घेताना फीत आवळून धरायची आणि गिऱ्हाइकाच्या कापडातलं हातभर राखायचं. पोरवयात शिकलो. कशासाठी राखायचं ते उस्तादानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हात तसाच चालायला लागला." त्यांनी त्या राशीकडं बघितलं. "सूनबाई, जन्मभर जेवढं राखलं त्यापेक्षा हे जास्त आहे गं. मी नुसतं मागितलं असतं तर दिलं असतं का लोकांनी?"

सून गाठोडी सारून त्यांच्यापाशी खाली बसली. मग म्हणाली, "दिलं असतं, मामंजी."

काकांनी ते कापड तोंडावर धरलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मी मनात घोळवलेलं सगळं गिळलं, विजार गाठोड्यात खाली दाबून टाकली, गाठोडं उंबऱ्यात ठेवलं आणि आवाज न करता परत फिरले.