स्वयंघोषणापत्र

चोवीस तास पाण्यात बुडवलेली वीट वर्षाराणीनं बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि काट्यावर ठेवली. कोरडी असताना ती बरोबर तीन किलो भरली होती. आता तीन किलो सातशे पन्नास ग्रॅम. म्हणजे पंचवीस टक्के. राखेच्या विटेनं वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. तिनं आणखी दोन विटा तोलल्या. एक चोवीस, एक सव्वीस.

कारण तिला माहीत होतं. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेची वीट साच्यातून निघाली की तिच्यावर चौदा दिवस पाणी मारावं लागतं. मार्चमध्ये बोअर आटली, टँकर दिवसाआड यायला लागला आणि सासऱ्यांनी चौदाचे पाच दिवस केले. अशी वीट आतून कच्ची राहते, वरून तशीच दिसते.

कारखाना तिच्या नावावर होता. महिला उद्योजकाला सवलत मिळते, शिवाय सून रसायनशास्त्राची बीएस्सी, म्हणून सासऱ्यांनी, मल्लिनाथ आप्पांनी, अर्जावर तिचं नाव घातलं होतं. पण त्या घरात सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर सासूला सांगायचं, आप्पांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नऊ वर्षं तसंच चाललं होतं.

पूर्वी तपासणीला एक साहेब यायचे. विटा पोत्यात घालून प्रयोगशाळेत न्यायचे, दाखल्याला तीन-तीन महिने लागायचे. अकरा कागदांसाठी चार कार्यालयांत आप्पांनी किती वेळा ‘उद्या या’ ऐकलं होतं. त्यांचा राग खोटा नव्हता, हे तिलाही कबूल होतं. मग गेल्या वर्षी नियम सोपे झाले. लहान कारखान्यांची तपासणी बंद झाली. माल प्रमाणाप्रमाणे आहे असं मालकानं स्वतःच लिहून द्यायचं, मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर टाकायचा, की दाखला हातात. आप्पांनी त्या दिवशी वैजनाथाला अभिषेक घातला. साहेब गेले, आणि त्यांच्याबरोबर ‘नाही’ म्हणणारं माणूसही गेलं. आता ते काम मालकिणीचं होतं.

दोन महिन्यांत अशाच विटांसाठी तिनं तीनदा नंबर दिला होता. एकदा कुंपणासाठी, एकदा गोठ्यासाठी, एकदा दुकानाच्या गाळ्यासाठी. प्रत्येक वेळी, पुढच्या वेळी बोलू, असं ठरवून. यावेळच्या विटा चौसाळ्याच्या बाजूला एका शाळेच्या दोन वर्गखोल्यांना जायच्या होत्या.

ती घरात आली. तिचा नवरा श्रीशैल लॅपटॉप उघडून बसला होता, आप्पा खुर्चीत, सासू दानम्मा उंबऱ्याशी भाजी निवडत.

“आला का नंबर?” श्रीशैलनं विचारलं.

आला होता.

“आत्या,” ती दानम्माला म्हणाली, “विटा लई पाणी पितेत म्हणावं. पंचवीस टक्के.”

“ऐकलं का, विटा पाणी पितेत म्हणं.”

“उन्हाळा हाय, पिणारच की,” आप्पा म्हणाले. श्रीशैल हसला.

“अजून नऊ दिवस पाणी मारू म्हणावं, आत्या.”

“पाणी कुठलं? तिला म्हणावं, माहेरी फोन लाव, उदगीरहून टँकर धाडा म्हणून.” आप्पांनी पाय पसरले. “गाडी दारात उभी हाय. राधाकिशन ठेकेदार दाखल्याबिगर माल उचलत न्हाई. आन् माल हालल्याबिगर पुढं काम न्हाई. पंधरा बाया सकाळपासून बसून हायत बाहेर.”

तिनं खिडकीतून पाहिलं. बाया विटांच्या थप्पीच्या सावलीला बसल्या होत्या.

“सरकारनं इश्वास ठेवलाय आपल्यावर,” श्रीशैल म्हणाला. “मग आपुनच कावून शंका घ्यायची?” मग आवाज उतरवून, “दहा मिनिटं झाली. गेला तो नंबर. दुसरा मागवतो.”

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. पडद्यावर तिचं पूर्ण नाव होतं आणि पुढं, सदर माल विहित प्रमाणानुसार असल्याचे मी घोषित करते. खाली सहा रिकामे चौकोन. तिच्या हातातल्या मोबाइलवर नवा नंबर आला.

“दे बाई,” दानम्मा हळूच म्हणाली. “घरात वाद नको.”

“सरकारनं साहेब काढून घेतला,” आप्पा छताकडं बघत म्हणाले, “आन् आमीच एक सून करून आणलाय.”

दानम्मा हा निरोप पोचवायला तिच्याकडं वळली. वर्षाराणीनं तिच्याकडं पाहिलं नाही. ती खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

“आप्पा,” ती म्हणाली. आप्पांनी छतावरून नजर खाली आणली.

“या विटांसाठी मी नंबर देणार न्हाई. चौदा दिवस पाणी मारल्याबिगर इथली एकबी वीट माझ्या नावावर बाहेर जाणार न्हाई.”