देवीला सोडलेले मासे

तानसा नदीच्या काठावरच्या गावात राहून मासे न खाणं म्हणजे लग्नाला जाऊन उपाशी परतणं. पण बाईजानं लग्न झाल्यापासून माशाला हात लावला नव्हता. नवी नवरी असताना कालवणाचा घास पोटात गेला, तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास अडकला. सुनेला भुताची बाधा झाली म्हणून गाव बोंबलेल, घरातल्या पोरींना स्थळं येणार नाहीत, म्हणून सासूनं त्याच दिवशी ठरवून टाकलं, ‘मासे देवीला सोडलेत, असंच सांगायचं.’ देवी बिचारी काय बोलणार!

आता बाईजाच्या हृदयाची झडप बदलायची होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भुलीच्या डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या. जवळ मुलगा सुनिल होता, आणि नात काजलचे होणारे सासरे नथूभाऊ मुरबाडहून भेटायला आले होते.

“मासे सोसतात का यांना?” बाईंनी विचारलं.

“आये खातच नाय. देवीला सोडलेत,” सुनिल घाईनं म्हणाला. खरं काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

बाई निघाल्या. ऑपरेशनचा आणि माशांचा संबंध काय, हे काही बाईजाला कळेना.

“बाई, माशांचं का इचारलंत?”

“ऑपरेशनसाठी रक्त पातळ करतो. ते पुन्हा गोठावं म्हणून शेवटी जे औषध देतो, ते माशापासून काढतात. मासे न सोसणाऱ्या एखाद्याला ते बाधतं. रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं.”

सुनिलनं तिचा हात दाबला. “आये, गप ऱ्हा. पाव्हणं बसलेत.”

बाईजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा जीव गेला तरी चालेल, पण अब्रू झाकलेली राहू दे, असं पोटचं पोर सांगत होतं. तिनं हात झटकून टाकला.

“सोडलंबिडलं काय नाय, बाई. मासे खाल्ले का माझं तोंड सुजतं, दम कोंडतो. देवीचं नाव आमीच पुढं केलं.”

डॉक्टरीणबाई परत वळल्या. “बरं झालं बोललात. उद्याचं ऑपरेशन थांबवू. आधी तपासण्या करू.”

नथूभाऊ उठून चपला शोधू लागले.

“आये, काजलचं लगीन मोडंल!” सुनिल कुजबुजला.

“मोडू दे!” बाईजा उठून बसली. “नथूभाऊ, चपला मागनं शोधा. माझ्या नातीला उद्या काय दुखलंखुपलं, तर तुमच्या घरात तिनं तोंड उघडायचं का नाय? तेवढं सांगून जा.”