तपासणीची तालीम

माझी मुलगी भाविका अकरा वर्षांची आहे आणि बोलत नाही. माझ्याशिवाय कुणी अंगाला हात लावला की चावते. मार्चमध्ये विमानतळावर तपासणाऱ्या बाईलाच चावली. विमान आम्हाला सोडून गेलं आणि बेंगळुरूच्या डॉक्टरांची तारीखही गेली. दुसरी मिळायला पाच महिने लागले. ही चुकली तर आता पुढच्या वर्षी, असं तिथल्या मुलीने फोनवर गोड आवाजात सांगितलं.

म्हणून काल्हेरच्या आमच्या घरात मी तालीम सुरू केली. माझ्या नवऱ्याने, मितेशने, गोडाऊनमधून खोकी स्कॅन करायचं पीं-पीं वाजणारं मशीन आणलं. तिने पाय फाकवायचे, हात वर, आम्ही अंगावरून मशीन फिरवायचं, मग खिसे चाचपायचे. आधी मी, मग नणंद करिष्मा, मग गल्लीतल्या बायका.

"उभी ऱ्हा गो बाय, काय न्हाय व्हनार," करिष्मा रोज म्हणायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या मनगटावर दात उमटले. "आता नवऱ्याला काय सांगू?" म्हणून तीच हसली. मला हसू आलं नाही. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. जेवत होते, झोपत होते, मशीन फिरवत होते.

सव्वा महिन्याने भाविका आपणहून हात वर करू लागली.

विमानतळावर पडद्याआडच्या बाईने तिला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. भाविका हूं की चूं न करता उभी राहिली. "बहुत अच्छी बच्ची है," बाई म्हणाली. बाहेर मितेशचे डोळे भरून आले. मी ट्रेमधल्या चपला उचलल्या.

डॉक्टरांनी औषध बदललं, सहा महिन्यांनी परत बोलावलं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त करायला एक माणूस आला. पहिल्यांदाच आलेला. मी आतून पाणी घेऊन आले, तर भाविका त्याच्यासमोर उभी. पाय फाकवून, हात वर. तो बिचारा भिंतीला चिकटला होता.

"भाभी, मैंने कुछ नहीं किया."

"हात खाली," मी तिला म्हटलं. तिने ऐकलं नाही. चावणं हे या पोरीचं एकमेव कुलूप होतं, आणि ते मी, मोठी शहाणी, माझ्याच हाताने काढून टाकलं होतं. मी तिचे हात धरून खाली ओढले. सोडले की ती ते पुन्हा वर करायची, आणि तो कधी हात लावतोय याची वाट बघत राहायची.