डाव्या बाजूला एक थाप

त्या घरात टीव्हीही मार खायचा आणि बाईही. टीव्हीला चारचौघांत पडायचा, बाईला दार लावून, एवढाच काय तो फरक.

बाई म्हणजे थापाड्याची धाकटी बहीण चिमी. आणि थापाड्या म्हणजे टीव्ही दुरुस्त करणारा मेकॅनिक. हे नाव त्याला दोन कारणांनी चिकटलं होतं. एक तर बोलता बोलता दर तिसऱ्या वाक्याला तो एखादी लोणकढी थाप सोडून द्यायचा. दुसरं असं, की जुन्या खोक्यासारख्या टीव्हींच्या काळात तो एक विद्या शिकला होता. चित्र गेलं की खोक्याच्या कुठल्या अंगाला, किती जोरात थाप मारली म्हणजे ते परत येईल, हे त्याला हात लावताच कळायचं. याची निम्मी दुरुस्ती थापेवर आणि उरलेली थापांवर, असं गिऱ्हाईकं म्हणायची आणि तोही दात काढायचा.

बहीण मार खाते हे त्याला माहीत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर ती मात्र शुद्ध थाप. चांगलं माहीत होतं. तिच्या घरचा टीव्ही पहिल्यांदा बिघडला तेव्हा तिच्या कपाळावर टेंगूळ होतं. कपाटाचं दार लागलं म्हणाली. दुसऱ्यांदा मनगट सुजलेलं होतं, बादली उचलताना मुरगळलं. तिसऱ्यांदा ओठ फाटलेला, जिन्यात पडले. तिन्ही वेळा त्यानं "बरं, जपून राहत जा" म्हटलं, टीव्ही चालू करून दिला, चहा घेतला आणि निघाला. जन्मभर थापा विकणाऱ्याला दुसऱ्याची थाप ओळखू येत नाही होय? पण कळलं असं कबूल केलं की काहीतरी करावं लागतं, आणि करायचं म्हणजे दाजींसमोर, चिमीच्या नवऱ्यासमोर, उभं राहायचं. दाजी ट्रकच्या टायरांच्या दुकानात कामाला होते. दोन माणसांनी उचलायचं चाक ते एकटे फिरवायचे. तेव्हा झाकली मूठ बरी, असं थापाड्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. फक्त मूठ दाजींची होती आणि ती काही झाकलेली नव्हती.

दाजींनी चिमीचं माहेर कधीच तोडलं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तिला पाठवलं नाही. फोन करायचा तो त्यांच्या समोर, स्पीकर लावून. थापाड्याला त्या घराचा उंबरा ओलांडता यायचा तो टीव्ही बिघडला तरच, कारण फुकटचा मेकॅनिक कुणाला नको असतो?

त्या मंगळवारी सकाळी चौथ्यांदा फोन आला. "दादा, टीव्ही परत काळा होतोय." मागून दाजींचा आवाज, "आजच्या आज ये म्हणावं. नाहीतर कुणाचं तरी थोबाड फुटेल."

थापाड्या हत्यारांची पिशवी घेऊन अकराच्या सुमाराला पोचला. तिसरा मजला. दाजी कामावर गेले होते. चिमीनं दार उघडलं आणि त्याच्या हातातली पिशवी गळून पडायची तेवढी राहिली. तिचा डावा गाल काळानिळा झाला होता आणि डोळ्याची नुसती फट उरली होती.

"काय झालं गं?"

"न्हाणीत पाय घसरला," ती म्हणाली, आणि मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केला. "काय म्हणालास?"

लाज वाटली की माणूस कामाला लागतो, तसा तो टीव्हीकडे वळला.

टीव्ही टेबलावर होता. चांगला मोठा, पातळ पडद्याचा. डावी कड ठेचून आत गेली होती आणि तडकलेल्या प्लास्टिकवर चिकटपट्टी होती. ही करणी थापाड्याचीच म्हणायची. पहिल्या वेळी जाता जाता तो दाजींना गमतीत म्हणून गेला होता, "पुन्हा काळा झाला तर डाव्या बाजूला एक थाप मारा, आलंच चित्र." ते वाक्य म्हणजे दाजींसाठी सरकारी परवानाच झाला. डावा हात मागे घालून ते टीव्ही घट्ट धरायचे आणि उजव्यानं असा हाणायचे की शेजारच्या भांड्यांचा आवाज व्हायचा.

त्यानं टीव्ही चालू केला. पडदा दोन क्षण उजळला आणि मिटला. आवाज मात्र चालू राहिला. कुठलासा मारामारीचा सिनेमा होता, कुणीतरी कुणालातरी बदड बदड बदडत होतं आणि कुणीतरी "सोडा, सोडा" म्हणून ओरडत होतं. थापाड्यानं खिशातला टॉर्च काढून काळ्या पडद्याला टेकवला. त्या उजेडाच्या गोलात, अगदी फिकट, माणसं हलताना दिसली.

"बघ, चित्र आहे," तो सवयीनं म्हणाला. "चित्र कुठं जात नाही. मागचा उजेड तेवढा जातो. म्हणून कुणाला दिसत नाही."

चिमी स्क्रूंसाठी वाटी आणायला आत गेली.

त्यानं सोल्डरिंग गन, म्हणजे डाख लावायची ती सळई, तापत ठेवली. मग टीव्हीचा प्लग उपसला. झाकण उघडायच्या आधी प्लग बाहेर, हा त्याचा नेम होता. दुनियेभरच्या थापा मारील, पण करंटच्या बाबतीत त्यानं कधी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. आठ स्क्रू निघाले. चिमीनं लहानपणीसारखी वाटी पुढे धरली होती, एकेक स्क्रू टणकन तिच्यात पडत होता.

झाकण उघडलं आणि त्याचा हात जागीच थांबला. पडद्यामागच्या दिव्यांना वीज नेणारी वायर जिथं बसते, तिथली पिन केसभर बाहेर आली होती. तिन्ही वेळा हेच झालेलं होतं. दाजींच्या दणक्यांनी पिन निसटते असं समजून मागच्या खेपेला त्यानं तिच्यावर गरम डिंकाचा चांगला गोळा बसवला होता. तो डिंक आता कापलेला होता. तुटलेला नव्हे, कापलेला. पात्यानं, सरळ रेषेत, आजूबाजूला एक ओरखडासुद्धा न उठवता.

"चिमे, हे कुणी कापलं? दाजींनी?"

"त्यांना टीव्ही मारता येतो. उघडता कुठं येतो?"

वाटीतले स्क्रू किणकिणले.

"मी कापलं," ती म्हणाली. "चारही वेळा मीच पिन काढली."

"अगं, पण का? टीव्ही काळा झाला की तो माणूस..."

"मारतो. माहितीये मला. आधी टीव्हीला, मग मला." तिनं वाटी टेबलावर ठेवली. "मिक्सर बिघडला तर तुला बोलावतात का? गॅस बिघडला तर? टीव्ही बिघडला की तू येतोस. म्हटलं, चार दणके बसतील, पण दादा येईल. बघेल. विचारेल. तू यायचास, पिन दाबायचास, चहा प्यायचास आणि निघायचास. मग मी पुन्हा महिना-दोन महिने जीव गोळा करायची आणि पुन्हा पिन काढायची."

आयुष्यात पहिल्यांदा थापाड्याला एकही थाप सुचली नाही.

"आणि मारताना काय म्हणतात सांगू? 'तुझ्या दादानंच सांगितलंय, डाव्या बाजूला एक थाप, आलंच चित्र.'" तिनं डाव्या कानावर हात ठेवला. "ह्यानं आता काही ऐकू येत नाही रे."

तिला लागलेला एकेक दणका आपण दुरुस्त करून, पुसून, परत त्या माणसाच्या हातात दिला, हे त्याला कळलं आणि स्वतःची किळस आली.

"चल," तो म्हणाला. "पिशवी भर."

"भरलेली आहे. पहिल्या खेपेपासून. पिठाच्या डब्याच्या मागे."

ती पिशवी आणायला आत गेली आणि त्याच वेळी दारात किल्ली फिरली.

दाजी टीव्ही झाला का ते बघायला मधल्या सुट्टीत आले होते. हात कोपरापर्यंत टायरच्या काळ्या भुकटीनं माखलेले. उघडा टीव्ही बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"झाला का रे थापाड्या?"

"नाही झाला. होणारही नाही."

"होणार नाही म्हणजे? बघू." त्यांनी स्वतःच प्लग खोचला आणि बटण दाबलं. सिनेमातली मारामारी खोलीत पुन्हा सुरू झाली. पडदा काळा तो काळाच.

थापाड्याच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं, "दाजी, मागे उघडं आहे. आत डाव्या हाताला तो पत्रा दिसतोय ना, त्यात करंट आहे. हात घालू नका, जीव जाईल."

"तुझ्या थापा तुझ्या दुकानात मार." दाजी हसले, आणि हसता हसता त्यांना आतल्या दारात चिमी दिसली. तिच्या हातात पिशवी होती.

पुढचं सगळं भराभर झालं. दाजींनी तिला केसांना धरून ओढलं आणि डाव्या गालावर अशी ठेवून दिली की ती भिंतीवर जाऊन आदळली. थापाड्या त्यांच्या हाताला लोंबकळला. लोंबकळलाच म्हणायला हवं, कारण दाजींनी हात झटकला तसा तो खुर्चीसकट खाली आला. बरगडीत लाथ बसली. दुसरी बसली. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं उठायला उजवा हात टेकला तेव्हा दाजींनी त्यावर बूट ठेवला आणि सगळं वजन घातलं.

"ह्याच हातानं दुरुस्त करतोस ना?"

बोटं मोडल्याचा आवाज थापाड्यानं आधी ऐकला, कळ मागून आली. तो गुरासारखा ओरडला. सिनेमातही कुणीतरी ओरडत होतं, त्यात ते मिसळून गेलं. दाजींनी डावा हात टेबलावर टेकला आणि त्याच्या मानेवर ठेवायला पाय उचलला. तेवढ्यात चिमीनं तापलेली सोल्डरिंग गन उचलली आणि त्यांच्या डाव्या हाताच्या पंज्यावर दाबली. नुसती टेकवली नाही. दाबली आणि धरून ठेवली.

चर्र झालं. जळक्या कातडीचा वास सुटला. दाजी किंचाळत स्वयंपाकघरात पळाले आणि नळ धो धो सुटला.

"जा! जाशील कुठं?" ते नळाखालून ओरडत होते. "फिरून इथंच यायचंय तुला! संध्याकाळी बघतो!"

चिमीनं एका हातानं पिशवी उचलली, दुसऱ्यानं भावाला. दोघं बाहेर पडले. हत्यारं, झाकण, वाटीतले आठ स्क्रू, सगळं तिथंच राहिलं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ते पोचले तेव्हा वरून थाप ऐकू आली. धाड. दार उघडंच होतं, सिनेमाचा आवाज जिन्यात येत होता. दाजींना आता मारायला टीव्हीच उरला होता. "चालू हो! चालू हो म्हणतो ना!" पुन्हा धाड.

थापाड्याचा पाय पायरीवर थबकला. समोर भिंत होती, पण त्याला ती खोली लख्ख दिसली. नळाखालून निघालेला ओला हात. उघडी मागची बाजू. उजव्यानं हाणताना डावा हात मागे घालून धरायची ती सवय. अजून वेळ होता. "दाजी, थांबा," एवढी एक हाक पुरली असती. त्यानं तोंड उघडलं. बाजूला चिमी उभी होती, गालावर नव्यानं उमटलेली चार बोटं घेऊन.

त्यानं तोंड मिटलं.

तिसरी थाप अर्धवटच ऐकू आली. मग काहीतरी जड पडलं आणि सिनेमाचा आवाज तुटला. जिना एकदम शांत झाला.

चिमीनं उजवा कान वर केला. "आवाज थांबला का रे?"

"थांबला."

तिनं वर, उघड्या दाराच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, "तू निघताना प्लग काढला होतास ना?"

"काढला होता," तो म्हणाला.

चिमीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या टेंगळाकडे, मनगटाकडे, ओठाकडे त्यानं तीन वेळा पाहिलं होतं, तेवढाच वेळ पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "जपून उतर."