हर्षालीच्या मापाचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा शेजारीच बसला आहे, पण तो पडला मुखदुर्बळ. म्हणून दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

सिन्नरजवळच्या एका गावात तेरा वर्षांची हर्षाली राहायची. ती पळायला लागली की कुणाच्या हाती लागत नसे. पण तिचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा थोडा लहान. दुकानातला कुठलाही जोड घातला, की एक चावायचा आणि दुसरा निसटायचा. म्हणून ती अनवाणीच पळे. शेवटी शाळेतल्या सरांच्या सांगण्यावरून तिचे वडील शेखर तिला नाशिकला मापाचे बूट करणाऱ्या एका कार्यशाळेत घेऊन आले. तिथे तिला काचेवर उभं केलं, उजेडाची रेघ पावलांभोवती फिरली आणि दोन्ही पाय संगणकावर उमटले.

"पोरीचा पाय वाढता हे, मॅडम. जरा दोन बोटं सैलच ठेवा," शेखर म्हणाले.

"नाही काका, सैल झाले तर फोड येतील," माप घेणारी अंजलीताई म्हणाली. "आत्ताच्या मापाचेच करते. रोज घालू द्या तिला. लहान झाले की नवं माप घेऊ."

मग सोऱ्यातून शेव पडावी तसा यंत्रातून रबरासारखा बारीक, गरम धागा पडत गेला आणि थरावर थर चढून आम्ही तयार झालो. हर्षालीने आम्हाला पायात घातलं आणि तिथेच उड्या मारू लागली. तेवढा आनंद मी पुन्हा पाहिला नाही.

घरी तिची आई मैनाबाई आम्हाला पाहून हरखून गेली. तिने आम्हाला कपाटात आपल्या लग्नातल्या शालूशेजारी ठेवलं.

"जिल्ह्याच्या शर्यतीलाच काढायचे. रोज घातले तर मातीत जातील गं," ती म्हणाली.

शेखरनी दोनदा बोलून पाहिलं, पण जपणाऱ्या माणसाला कोण समजावणार! मैनाबाईला उभ्या जन्मात कुणी तिच्या मापाचं काही करून दिलं नव्हतं. तिला आमचं अप्रूप वाटणारच. तिच्यावर मला आजही रागावता येत नाही.

सहा महिने आम्ही डांबराच्या गोळ्यांच्या वासात बसून काढले. बाहेर मुरमावर हर्षालीची अनवाणी पावलं वाजायची.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर तिने मला पायात ओढलं आणि तिचा अंगठा अडला. मित्रांनो, मी स्वतःला ताणण्याची शिकस्त केली. पण नेमकं बसणं हाच माझा गुण, आणि तोच आड आला. आई कौतुकाने पाहत होती. हर्षालीने तिच्याकडे एकदा पाहिलं, बोटं मुडपली आणि नाडी आवळली.

पहिल्या दोघींची पुढे निवड होणार होती. दोन फेऱ्या ती दुसरी होती. मग लंगडू लागली. माझ्या आत ओलं ओलं झालं, ते रक्त होतं. ती पाचवी आली.

मैनाबाईने तिचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याचं नख निघालं होतं.

"माझ्या लेकीचा पाय वाढला, आन मला दिसला नाय गं!" ती रडू लागली.

"रडू नको ना, आई," हर्षाली म्हणाली. "बघ, बूट कुठं फाटले नाय."

नख पुन्हा आलं. हर्षाली मात्र, आईला पुन्हा रडवायला नको म्हणून, मैदानावर पुन्हा गेली नाही.

मित्रांनो, आम्ही आता जगात कुणाच्याच पायात बसत नाही. तुमच्याकडे कुणी मायेने करून दिलेली वस्तू असेल, तर ती कपाटात जपू नका. वापरा, मळली तर पुसा, उसवली तर शिवा. आम्ही चार महिन्यांत फाटलो असतो ना, तर हर्षाली अजून पळत असती.